त्यांना सांगा

माझ्या भाषाविज्ञानाच्या प्रोजेक्टचे पहिले तीन विषय मॅडमनी एका चहात नाकारले.

पहिला होता 'बसथांब्यावरचं संभाषण'. मॅडम म्हणाल्या, "थांब्यावर कोण बोलतं हल्ली? सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून उभे. तू काय त्यांचे सुस्कारे मोजणार?" दुसरा होता 'आमच्या घरातला "बघू" या शब्दाचा वापर'. त्यावर मॅडम "बघू" म्हणाल्या आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला. हा नकार होता की मला फुकटात मिळालेला डेटा, ते मला अजून कळलेलं नाही. तिसरा विषय मी इथे सांगत नाही. तो वाचून मॅडमनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला, परत वाचला आणि काळजीने विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

घरी सगळं बरं नव्हतं. पण ते इतकी वर्षं बरं नव्हतं, की आमच्या लेखी तेच बरं होतं.

"बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत," मी म्हटलं. "बाकी बरं आहे."

"भांडण?"

"नाही, दुकान."

"म्हणजे?"

"चष्म्याचं दुकान आहे दोघांचं. बाबा नंबर काढतात, काका काचा घासून फ्रेममध्ये बसवतात."

"न बोलता?"

"बोलतात की. दिवसभर बोलतात. गिऱ्हाइकामार्फत."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. विषय नाकारायचा असला की त्यांचं पेन उघडं असतं, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. मी खुर्ची पुढे ओढली.

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांच्या मांडण्या आणि नंबर काढायची उंच खुर्ची. तिच्यासमोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मागे प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे काकांचं मशीन, पाण्याचा डबा, काचांची पाकिटं आणि काका. पार्टिशनला एक चौकोनी खिडकी आहे. तिच्यातून नंबराची चिठ्ठी आत जाते आणि तयार चष्मा बाहेर येतो. चिठ्ठीवर न मावणारं जे काही असेल, ते खुर्चीतल्या माणसाला सांगावं लागतं.

म्हणजे असं. डोळ्यांवर ती चाचणीची जड फ्रेम चढवलेला, हनुवटी वर केलेला एखादा गरीब माणूस खुर्चीत बसलेला असतो. बाबा त्याच्या डोळ्यापुढे भिंग बदलत विचारतात, "आता बरं की आधी बरं?" तो म्हणतो, "आता." मग त्याच सुरात बाबा म्हणतात, "त्यांना सांगा, कालच्या बाईंची डावी काच सैल बसलीय." माणूस गडबडतो. "कोणाला?" बाबा पार्टिशनकडे मान करतात. माणूस खिडकीकडे तोंड करून, काहीही दिसत नसताना, म्हणतो, "अहो, कालच्या बाईंची डावी काच सैल आहे म्हणतात." आतलं मशीन थांबतं. काका म्हणतात, "त्यांना सांगा, काच घट्टच होती. बाईंनी चष्मा डोक्यावर चढवून फ्रेम फाकवलीय." माणूस इकडे वळतो. "बाईंनी फ्रेम फाकवली म्हणतात."

"बरं. आता बरं की आधी बरं?"

"आधीच बरं होतं," माणूस म्हणतो.

ह्यात एक नियम आहे, आणि तो कोणी ठरवलेला नाही. पार्टिशन इतकं पातळ, की काकांनी आत जांभई दिली तरी बाहेर कळतं. बाबा काय बोलले ते काकांनी शब्दन् शब्द ऐकलेलं असतं. पण खुर्चीतल्या माणसाने सांगेपर्यंत ते त्यांनी ऐकलेलं नसतं. माणसाला मध्येच ठसका लागला, तर काका ठसका जाईपर्यंत थांबतात.

जुनी गिऱ्हाइकं ह्याला सरावली आहेत. त्यात बेलीफकाका सगळ्यांत तयार. ते कोर्टात बेलीफ होते. लोकांना नको असलेले कागद त्यांच्या दारात नेऊन देण्यात त्यांची नोकरी सरली. आता ते रोज सकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येतात, आणि खुर्चीत कोणी नसलं तर निरोपांचं काम बघतात. निरोपात ते पदरचं काही घालत नाहीत. फक्त शेवटी "कळलं का?" एवढं विचारतात. कोर्टाची सवय.

मॅडमनी विचारलं, "पण झालं काय होतं?"

झालं होतं ते असं. काकांनी लग्न केलं नाही. ते आमच्या माडीवरच्या खोलीत राहतात आणि आमच्यातच जेवतात. मी सहावीत असताना ते एकदा नवा चष्मा लावून जेवायला आले. काळी, जाड फ्रेम. बाबांनी मान वर केली, फ्रेमची दांडी पाहिली आणि त्यांचा घास वाटेतच राहिला. फ्रेम आमच्या दुकानातली नव्हती. समोरच्या दुकानातली होती. ज्यांच्या सख्ख्या भावाचं अर्धं आयुष्य लोकांचे नंबर काढण्यात गेलं, त्या माझ्या काकांनी रस्ता ओलांडून दुसऱ्याकडून डोळे तपासून घेतले होते. बाबा आईला म्हणाले, "त्यांना सांग, शोभतोय." तेव्हापासून निरोप सुरू.

समोर का गेले, ते काकांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. विचारणार कसं, बोलतच नव्हते. त्याआधी बाबा काकांना 'गाढवा' म्हणायचे आणि काका त्यांना 'दादा, तू गप बस रे' म्हणायचे. बोलणं बंद झालं आणि दोघं एकमेकांना अहोजाहो करायला लागले. आमच्या घरात इतका आदर पूर्वी कधीच नव्हता. पुढे समोरचं दुकान बंद पडलं, तिथे मोबाइलची कव्हरं विकायला लागली. काकांच्या नाकावर मात्र ती काळी फ्रेम आहे तशीच राहिली.

मॅडमनी हे सगळं ऐकून मला चहा विचारला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"विषय आहे," त्या म्हणाल्या. "पण आखणी नीट कर. कोण बोलतं, कोणामार्फत, काय काय बोलतं. रेकॉर्डर कुठे ठेवणार. गिऱ्हाइकांची परवानगी कशी घेणार. आणि सगळ्यांत आधी त्या दोघांची संमती. त्यांना प्रोजेक्ट काय आहे ते समजावून सांगायचं, लपवाछपवी चालणार नाही. सह्या आण, मग मी एकदा येऊन बघीन आणि महिनाअखेरीला मंजुरी देईन. आणि हे बघ, तू मध्ये पडायचं नाहीस. संशोधकाने ढवळाढवळ केली की डेटा नासतो."

महिनाअखेर माझ्यासाठी फार मोलाची होती. मंजुरी नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर काय, ते बाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "मग बस काउंटरवर. बेलीफ तरी किती वर्षं पुरणार?" म्हणजे जन्मभर निरोप. माझं सगळं भवितव्य या दोन माणसांच्या अबोल्यावर उभं होतं. पण तो नऊ वर्षं टिकला होता. एवढा टिकाऊ विषय वर्गात कोणाकडेच नव्हता.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी संमतीपत्राच्या दोन प्रती घेऊन दुकानात गेले. वर शीर्षक: 'कौटुंबिक व्यवसायातील अबोला आणि मध्यस्थामार्फत होणारे संभाषण'.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "अबोला कोणाचा?"

"तुमचा."

"आमचा कुठला अबोला? कामाचं बोलतो की आम्ही."

"कोणाशी?"

"फाटे फोडू नकोस. अबोला लहान पोरांचा असतो. 'मतभेद' लिही. आणि जा, त्यांना विचार चालतंय का."

मी आत गेले. काका काचेची कड बोटाने चाचपत होते.

"प्रोफेसर, मतभेद कसले?" ते म्हणाले. मी कॉलेजात गेल्यापासून ते मला प्रोफेसरच म्हणतात. "मतभेद व्हायला मत सांगावं लागतं. त्यांनी कधी सांगितलं? त्यांना सांग, अबोला बरा आहे. कानाला गोड लागतो."

मी बाहेर आले. बाबा म्हणाले, गोड लागत असेल तर राहू दे, पण रेकॉर्डर काउंटरवर राहील. मी आत गेले. काका म्हणाले, म्हणजे त्यांचं शहाणपण स्वच्छ येणार आणि माझं नुसतं घर्र घर्र. रेकॉर्डर खिडकीत ठेवा. मी बाहेर आले. बाबा म्हणाले, खिडकीत ठेवा, पण सुरुवात सोमवारी करा, सोमवारी गर्दी नसते. मी आत गेले. काका म्हणाले, सोमवारी काचांचं पार्सल येतं, सोमवारी मी कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, "एरवी कोणाशी बोलता?" काका म्हणाले, "त्यांना सांग, सोमवार नको."

मी बाहेर आले. घसा सुकला होता. काउंटरवरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायला लागले. मॅडम म्हणाल्या होत्या मध्ये पडू नकोस. पाणी पिऊ नकोस असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

बाबांनी एक घोट वाट पाहिली. दोन घोट पाहिली. मग त्यांचा तोल सुटला.

"अरे, सोमवारी पार्सल येतं तर मंगळवारी कर ना! त्यात काय एवढं!"

"मंगळवार चालेल," आतून काका ओरडले. "मग तसं आधी बोलायचंस!"

"तू विचारलंस?"

"तू ऐकतोस?"

"गाढवा, मी कधी ऐकलं नाही तुझं?"

"दादा, तू गप बस रे!"

आणि मग दोघंही गप्प बसले. मशीन बंद. माझ्या हातात ग्लास, ग्लासात पाणी आणि घशात प्रोजेक्ट. नऊ वर्षांचा अबोला त्याच्या संमतीपत्रावर सह्या व्हायच्या आत मोडला होता. थोड्या वेळाने काका बाहेर आले. दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. "दादा, टोपण दे," काका म्हणाले.

आईला कळलं तेव्हा ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता आपापलं मीठ आपापल्या तोंडाने मागायचं. मी सुटले." मग माझ्याकडे वळली. "तू का गं तोंड पाडून बसलीस?"

"माझा विषय गेला."

"जळो मेला विषय! घरातली दोन माणसं बोलायला लागली—"

"महिनाअखेरीला मंजुरी आहे, आई."

बाबा आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. तेही नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"म्हणजे आम्ही बोललो म्हणून हिचं वर्ष जाणार?" बाबा म्हणाले.

"जवळजवळ."

"आधी सांगायचंस ना, प्रोफेसर," काका हळहळले. "नसतो बोललो. सवय होती आम्हाला."

त्या दिवसापासून दोघं रोज जेवणानंतर एकत्र बसून न बोलण्याची तयारी करायला लागले. त्यांची आखणी माझ्यापेक्षा नेटकी होती. मॅडम खुर्चीत बसणार, बेलीफकाका बाकावर, मी काउंटरच्या मागे.

"दादा, तू आधी माझ्या कामाला नावं ठेव."

"कशावरून?"

"कशावरूनही. तुला सुचतं."

"तू मनाला लावून घेशील."

"लावूनच घ्यायचंय ना, वहिनी, सांगा ह्याला!"

"मी कोणाला काही सांगणार नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी सुटलेय."

न बोलण्याचं ठरवता ठरवता त्यांचं नऊ वर्षांचं साठलेलं बोलून झालं. कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या मुलाने घर बांधलं आणि जिना बांधायला विसरला. एक विषय मात्र दोघंही वळसा घालून टाळत होते. बाबांची नजर त्या काळ्या फ्रेमवर गेली की ते पंख्याबद्दल बोलायला लागायचे.

बेलीफकाकांना ही बातमी बाबांनी सांगितली. ते खुर्चीत बसून वाट बघत होते. "काही पोचवायचंय का?"

"नाही हो. आम्ही बोलतो आता."

बेलीफकाकांनी पेपरची घडी घातली. "थेट?"

"थेट."

"लेखी काही आहे?"

"लेखी कशाला? कानांनी ऐका ना."

"आनंद आहे," बेलीफकाका म्हणाले, आणि दोन दिवस फिरकले नाहीत.

मी मॅडमना खरं सांगायला गेले होते. दारातच त्या म्हणाल्या, "शनिवारी येते मी तुमच्याकडे. माझाही नंबर बदललाय वाटतं, तुझा टाइप फार बारीक दिसतो." मी म्हटलं, "या." माझं भाषेवर एवढंच प्रभुत्व आहे.

शनिवारी मॅडम आल्या. बेलीफकाका इस्त्रीचा शर्ट घालून हजर होते. काकांनी त्यांना घरी जाऊन बोलावलं होतं. मी प्रस्तावाचे कागद छातीशी धरून काउंटरमागे उभी. मॅडम खुर्चीत बसल्या, बाबांनी त्यांच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवली, एक भिंग घातलं, एक काढलं, घसा खाकरला आणि समोरच्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांच्या हातात आता पूर्वीचं काम राहिलेलं नाही!"

मॅडमनी खिडकीकडे मान वळवली. तोंड उघडायच्या आतच आतून आवाज आला, "त्यांना सांगा, त्यांच्या जिभेला हाड राहिलेलं नाही!"

"त्यांना सांगा, गिऱ्हाइकांसमोर—"

"त्यांना सांगा, गिऱ्हाइकांनाही कळू दे!"

मॅडमनी चाचणीची फ्रेम नाकावर खाली ओढली. "थांबा जरा. मी अजून काहीच सांगितलं नाही."

"अं?" काका खिडकीतून म्हणाले.

"माझा निरोप जायच्या आत तुमचं उत्तर येतंय."

"नोटीस बजावलीच नाही," बेलीफकाका पेपरच्या मागून खेदाने म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या देखत असं कधी घडलं नव्हतं.

"शिवाय तुम्ही," मॅडम बाबांना म्हणाल्या, "मघाशी त्यांना अंगठा दाखवलात. छान चाललंय असा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "कधीपासून बोलतायत हे?"

"संमतीपत्रावर सही करायच्या जरा आधीपासून."

"मग हे काय चाललंय?"

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तिची चूक नाही, मॅडम. न बोलायचं आम्हीच ठरवलं. बोलून ठरवलं."

"तुम्ही म्हणाल तर परत सोडतो बोलणं," बाबा म्हणाले. "मनापासून सोडतो. नाटक नाही."

"एखादं कारण तेवढं शोधावं लागेल," काका म्हणाले.

"कारणं आहेत रे," बाबा म्हणाले.

मॅडमना हसू येत होतं की राग, ते त्या फ्रेममुळे कळत नव्हतं. त्यांनी पर्समधून पेन काढलं. टोपण उघडलं. "तसला डेटा मला नको," त्या म्हणाल्या. "विषय संपला. चांगल्या रीतीने संपला, पण संपला. आता महिनाअखेरीच्या आत नवं काही उभं राहणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

'बघू'शी माझी जुनी ओळख होती. मी काउंटरमागच्या स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाने पण माझ्याकडे पाहिलं असावं.

"नंबर तरी काढा आता," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी नंबर काढला. "आता बरं की आधी बरं?" एवढंच, खालच्या आवाजात. चिठ्ठी खिडकीतून आत गेली. बराच वेळ मशीन घासत राहिलं. बेलीफकाका तेच पान परत वाचत होते. मग काकांच्या हाताने चष्मा खिडकीतून बाहेर ठेवला.

तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी बाबा तो यंत्राखाली धरून तपासतात. काकांचा चष्मा असला की ही तपासणी नावापुरती. त्यांनी डोळा लावला. काच फिरवली. डोळा काढला, काच पुसली, परत लावला. मग चष्मा दुसऱ्या हातात घेऊन तिसऱ्यांदा बघितलं.

मी याच दुकानात लहानाची मोठी झालेय. बाबा काच कशी फिरवत होते त्यावरून मला कळलं, उजव्या काचेचा कोन हलला होता, ती फ्रेममध्ये किंचित तिरकी बसली होती. आणि काकांनी बसवलेल्या काचेचा कोन कधी हलत नाही.

बाबांना फक्त "अरे, कोन चुकलाय" एवढं म्हणायचं होतं. गेले काही दिवस दोघं भाऊबंदांपासून सरकारपर्यंत सगळ्यावर बोलत होते. बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. पंख्याकडे पाहिलं. पंख्याबद्दल काही सुचेना. मग ते खुर्चीपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा, उजव्या काचेचा कोन जरा हललाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हे आमच्या आखणीत नव्हतं.

त्या खिडकीकडे वळल्या. आत काकांनी हे ऐकलेलं होतं, ते ऐकल्याचं आम्हाला सगळ्यांना कळलं होतं, कारण पाण्याच्या डब्यातला त्यांचा हात थांबला होता. पण ते निरोपाची वाट बघत राहिले.

"उजव्या काचेचा कोन हललाय म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

"त्यांना सांगा, मशीनवरचे आकडे पुसट झालेत."

"मशीनवरचे आकडे पुसट झालेत म्हणतात."

"त्यांना विचारा," बाबा म्हणाले, "आकडे पुसट झालेत, की दिसायला पुसट झालेत."

मॅडमनी विचारलं. आत काकांनी पाण्याचा डबा बाजूला सरकवला.

"त्यांना सांगा, समोरचं दुकान बंद झालंय. कव्हरवाला नंबर काढत नाही."

मॅडमनी सांगितलं. बाबांनी हातातला चष्मा काउंटरवर ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला.

"त्यांना विचारा, तेव्हा तरी समोर गेला होतात कशाला."

हे विचारायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. बेलीफकाकांनी पेपर आवाज न करता मांडीवर ठेवला. मॅडमनी प्रश्न जसाच्या तसा पोचवला. आवाज फक्त थोडा उतरला.

"त्यांना सांगा," काका म्हणाले, आणि थांबले. मॅडम थांबल्या. "त्यांना सांगा, डोळे अधू झालेल्याला मशीनवर कोण बसू देतं? घरात कळलं असतं तर काळजीने उठवलं असतं मला तिथून. मला दुसरं काय येतं?"

मॅडमनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. "दुसरं काय येतं, असं विचारतात."

बाबा भिंगांच्या पेटीत काहीतरी शोधत राहिले. पेटी त्यांच्या हाताखालची, डोळे मिटून भिंग काढतील अशी. तरी शोधत राहिले.

"त्यांना सांगा, मला काच घासता येत नाही. कधीच आली नाही. त्यांना उठवून तिथे बसवणार कोणाला, मला? बेलीफांना?" बाबांनी नाक ओढलं. "आणि म्हणावं, बाहेर या. खुर्चीत बसा."

"बाहेर या, खुर्चीत बसा म्हणतात," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच खुर्चीतून उठल्या.

काका ओले हात शर्टाला पुसत बाहेर आले आणि खुर्चीत चढून बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. बाबांनी ती काळी फ्रेम काढून घेतली, चाचणीची फ्रेम चढवली आणि तक्त्याकडे बोट दाखवलं. काकांनी वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं, आणि पुढे छापखान्याचा पत्ताही म्हणून दाखवला.

"पाठ आहे त्यांना," बेलीफकाका म्हणाले. "हा पुरावा टिकणार नाही."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातला प्रस्ताव ओढून घेतला आणि काकांच्या नाकासमोर धरला. काकांनी शीर्षक मोठ्याने वाचलं. मग कागद लांब धरला, जवळ धरला.

"पुढे वाच," बाबा म्हणाले.

"पुढे जाता येत नाही, दादा."

"पुढे कोणालाच जाता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते मी तिला सांगणारच होते." त्या बाकावर बेलीफकाकांच्या शेजारी बसल्या होत्या आणि मांडीवर ठेवलेल्या डायरीत त्यांचं काहीतरी लिहून झालं होतं. "शीर्षकातला अबोला काढ. हे दोघं छान बोलतात. तरी आत्ता मध्ये माणूस लागला. असा माणूस केव्हा केव्हा लागतो, ते बघ. सोमवारपासून रेकॉर्डर लाव."

मी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. टोपण लागलेलं होतं.

"सोमवारी पार्सल येतं," काका खुर्चीतून म्हणाले.

"मंगळवारपासून," मॅडम म्हणाल्या.

"हलू नकोस, गाढवा." बाबांनी एक भिंग काढलं, दुसरं घातलं. "आता बरं की आधी बरं?"

काका समोर पाहत राहिले. मग मान न हलवता बाकाच्या दिशेने म्हणाले, "बेलीफसाहेब, त्यांना सांगा, आता."

बेलीफकाका उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, दोन पावलं चालून बाबांच्या समोर उभे राहिले.

"आता बरं आहे म्हणतात," ते म्हणाले. "कळलं का?"